जबड्याचं ऑपरेशन नीट झालं, पण बहीण खूश नाही. असं कुणाच्या घरी झालंय का?

नौपाड्याची_गौरी

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

माझी धाकटी बहीण, वय २४. खालचा जबडा पुढे, वरचा थोडा मागे, अगदी शाळेपासून. पुढच्या दातांनी तिला कधी पेरूचा घास तोडता आला नाही, सुरीने फोडी करूनच खायची. दीड वर्ष तारा लावल्या आणि जूनमध्ये दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन झालं. वरचा पुढे आणला, खालचा मागे नेला. आता चार महिने झाले. दात सुरेख बसतात. एक्स-रे बघून सर्जन समाधानी आहेत. तारा लावणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडमनी आधीचा आणि आताचा फोटो शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बहीण मात्र काहीच बोलली नाही. घरी आल्यावर तिने बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला, तो अजून तिथेच आहे. विचारलं तर म्हणते, "छान आहे गं, पण ही मी नाही." आई चिडते. एवढा खर्च झाला, एवढं सोसलं, आता तरी हस म्हणते. रोज संध्याकाळी घरात हाच विषय.

माझे दोन प्रश्न आहेत. ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस नाराज राहतो, हे इतरांच्या बाबतीत झालंय का? आणि आता घरच्यांनी काय करावं? "होईल सगळं ठीक" असं कृपया नको. अनुभव हवेत.

खारघरचा_वारा

चार महिने म्हणजे काहीच नाही. वर्षभर थांबा, मग बोलू.

सानपाडा_सकाळ

गौरी, माझं दोन्ही जबड्यांचं झालंय, सहा वर्षांपूर्वी. वाऱ्याचं बरोबर आहे, पण "थांबा" एवढं ऐकून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सूज सर्वांत जास्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. मी तिसऱ्या दिवशी वॉशरूममध्ये आरसा पाहिला आणि रडले, आणि रडतानासुद्धा चेहरा हलेना. दोन-तीन आठवड्यांत बरीचशी सूज उतरली, पण उरलेली जायला सहा महिन्यांच्या वर लागले. खालचा ओठ आणि हनुवटी पूर्ण बधिर. चहा हनुवटीवरून ओघळून ओढणीवर पडला तरी कळायचं नाही, समोरचा माणूस नजरेने सांगायचा. मग मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं, आणि हळूहळू जाणीव परतली. डावीकडे एका रुपयाएवढ्या जागी अजूनही कमीच आहे.

हे सगळं मला आधी सांगितलं होतं. फॉर्मवर सही करण्यापुरतं नाही, सर्जननी समोर बसवून, माझ्या ओठावर बोट ठेवून, "इथे कदाचित कायमचं कमी राहील, चालेल का?" असं विचारलं होतं. मी चालेल म्हटलं होतं. म्हणून आज त्या रुपयाएवढ्या जागेचा मला राग येत नाही. माझ्याच वॉर्डमधल्या दुसऱ्या मुलीला माझ्यापेक्षा कमी बधिरपणा होता. तिला ते अचानक कळलं, आणि ती अजून त्याबद्दल कडवटपणे बोलते.

स्वतःची ओळख पटायला मला आठ महिने लागले. तोवर दुकानाच्या काचेत कुणी बाई दिसली की क्षणभर तिला वाट द्यायला मी बाजूला व्हायचे.

मिसळप्रेमी_चरई

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. लिहीत राहा ताई.

तारांची_डॉक्टर

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, वाशीत प्रॅक्टिस करते. गौरी, तुझी बहीण माझी पेशंट नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काही ठरवून सांगत नाही. सर्वसाधारण सांगते.

हे ऑपरेशन करून घेणारे बहुसंख्य लोक पुढे समाधानी असतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण जे नाराज राहतात त्यांचा निकाल वाईटच असतो असं नाही. मिलिमीटर आणि समाधान एकाच रेषेत चालत नाहीत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आसुमान कियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांचा ऑपरेशनच्या आधीपासून नंतर बरेच महिने पाठपुरावा केला. माणसाचा मूळ स्वभाव किती चिंतातुर आहे, त्याने काय अपेक्षा धरली होती आणि त्रास अपेक्षेइतकाच झाला की जास्त, यांवर समाधान बरंचसं अवलंबून असतं, असं त्या कामातून पुढे आलं. शिवाय समाधान एका सरळ चढत्या रेषेत जात नाही. मध्ये मन खाली येण्याचा काळ येऊ शकतो.

अजून एक नाव घेते. अर्व्हिंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडलं होतं की ऑपरेशनआधी थोडीफार काळजी करणारे लोक नंतर जास्त चांगलं निभावतात. अजिबात काळजी न करणारे आणि फार घाबरणारे, दोघांनाही जड जातं. या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले, सगळीकडे ती खरी ठरली नाही. पण सानपाडा_सकाळच्या ओठावर ठेवलेलं बोट मला त्यातलंच वाटतं. तिची काळजी आधीच करून झाली होती.

आमच्याकडून एक गोष्ट नेहमी सांगायची राहते. ऑपरेशनआधीच्या तारा चेहरा सुधारत नाहीत, उलट बिघडवतात. जबडा चुकलेला असला की दात आपापले तिरके होऊन ते झाकून घेतात. आम्ही ते दात सरळ करतो, म्हणजे जबड्याची खरी चूक उघडी पडते. कॉलेजच्या वयात दीड वर्ष चेहरा आणखी पुढे आलेला बघणं सोपं नाही. त्यातून मुलगी आधीच थकून ऑपरेशनला पोचते.

घोडबंदर_नाका

डॉक्टर, आदर ठेवून विरोध करतो. "समाधान मानसिक असतं" हे वाक्य आमच्यासारख्यांचं तोंड बंद करायला वापरलं जातं.

माझा वरचा जबडा पुढे आणि वर नेला. नाव सांगत नाही, एका मोठ्या ठिकाणी. नंतर नाक खालून रुंद झालं आणि शेंडा वर आला. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमचं लक्ष जास्त जातंय, मनाचे खेळ आहेत." बायकोने जुने फोटो काढून पट्टीने मोजलं, तेव्हा कुठे मान्य झालं. मला नाकाचं दुःख कमी आणि खोटं पाडल्याचं जास्त आहे. आता चार वर्षं झाली. चावणं उत्तम आहे, तरी कुणी विचारलं तर मी समाधानी नाही म्हणूनच सांगतो.

तारांची_डॉक्टर

@घोडबंदर_नाका, तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. वरच्या जबड्याच्या ऑपरेशनने नाकाचा तळ रुंद होतो ही सगळ्या सर्जनना माहीत असलेली गोष्ट आहे. ती कमी करायला शेवटी नाकपुड्यांच्या बुडाशी एक खास टाका घालतात. हे आधी सांगायलाच हवं होतं. तुम्हाला दिसत होतं ते खरं होतं.

मानसिक कारणांबद्दल बोलायचं ते यासाठीच की आम्ही काय सांगितलं, कसं ऐकलं आणि नंतर कसं वागलो, हेही त्यातच येतं. ते सगळं रुग्णाच्या डोक्यात ढकलून मोकळं होणं चूक आहे.

घोडबंदर_नाका

चार वर्षांत पहिल्यांदा कुणी डॉक्टर असं म्हणालं. धन्यवाद.

मनमोकळी

ठाण्यात समुपदेशन करते. गौरी, एक प्रश्न विचारू का? ऑपरेशन करूया हे घरात पहिल्यांदा कोण म्हणालं?

का विचारते ते सांगते. काहींना स्वतःलाच बदल हवा असतो. घास तोडायचाय, शब्द नीट उच्चारायचेत, स्वतःला बरं वाटायला हवंय. काहींचं कारण बाहेरचं असतं, कुणाला तरी आवडण्यासाठी किंवा कुणाची तरी बोलणी थांबावीत म्हणून. दुसऱ्या गटातल्या माणसाचा चेहरा बदलतो, पण ज्यांच्यासाठी बदलला ते बदलतातच असं नाही. मग एवढं सोसलं ते कशासाठी, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे यात एक गोष्ट हमखास असते, आणि ती म्हणजे कांदेपोहे. "जबडा नीट करून घेऊ, मग स्थळं बघू" हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय! त्या वाईट नसतात, काळजीने बोलतात. पण ऑपरेशननंतरचं पहिलं स्थळ नाही म्हणालं की मुलीला वाटतं, आता तर जबड्याचंही कारण उरलं नाही, म्हणजे मीच नको आहे.

दुसरं, थोडं जपून लिहिते. काही थोड्या माणसांना दिसण्यातल्या एखाद्या बारीक किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषाने पछाडलेलं असतं. दिवसाचे कित्येक तास आरशात किंवा आरसा टाळण्यात जातात. एन्रिको मॉर्सेली या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्ये याचं वर्णन केलंय. अशा माणसाला ऑपरेशनने सहसा समाधान मिळत नाही, मन एका जागेवरून दुसऱ्या जागी अडकतं. त्यावर औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत, आणि ते ऑपरेशनच्या आधी व्हायला हवेत. टॉवेल टाकला म्हणजे तुझ्या बहिणीला हेच आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तिचा जबडा खरोखर पुढे होता, आणि चार महिन्यांत चेहरा अनोळखी वाटणं हे फार जणांचं होतं. पण झोप, जेवण, बाहेर जाणं बंद झालं असेल तर वाट बघू नका.

नौपाड्याची_गौरी

मनमोकळी, तुमचा प्रश्न वाचून मोबाईल खाली ठेवला आणि तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आले.

पहिल्यांदा आई म्हणाली. दोन वर्षांपूर्वी एका स्थळाकडून निरोप आला, "मुलगी हुशार आहे, पण..." एवढाच. त्यानंतर आठवड्याभरात आम्ही डॉक्टरांकडे होतो. बहिणीने नाही म्हटलं नाही. खरं तर हो पण म्हटलं नाही. मीच उत्साहाने फाइल घेऊन पुढे होते.

ती ऑफिसला जाते, जेवते, झोपते. फक्त फोटो काढू देत नाही आणि आरसा टाळते.

ऐरोली_२२

मी २२ वर्षांची आहे आणि माझं दिवाळीनंतर आहे. खालचा जबडा मागे आहे, तो पुढे आणणार. हे सगळं वाचून पोटात गोळा आलाय. पण वाचणं थांबवत नाहीये.

सानपाडा_सकाळ

@ऐरोली_२२, गोळा आला ते चांगलंच. विचार सगळं. पहिले सहा आठवडे खाण्याचं नियोजन हीच मोठी लढाई. पातळ पेज, मुगाचं कढण गाळून, नाचणीची आंबील, ताक. प्रत्येकात चमचाभर तूप घाल, माझं सहा किलो वजन उतरलं होतं. मिक्सर नवा घ्या.

मिसळप्रेमी_चरई

मिसळ मिक्सरमधून काढून गाळली तर चालते का? मामलेदारची म्हणतोय.

सानपाडा_सकाळ

ठाण्यात असं मोठ्याने बोलू नका, तडीपार करतील. आणि टाक्यांवर ती तर्री? मी साडेतीन महिन्यांनी खाल्ली. पावाचा पहिला घास पुढच्या दातांनी तोडला आणि समोर बसलेल्या नवऱ्याला म्हटलं, बघ, बघ!

खारघरचा_वारा

ट्रान्सहार्बर लोकलला संध्याकाळी कसं चढायचं ते पण सांगा. माझ्या मित्राला तुर्भ्याला कोपर बसलं होतं बरोबर हनुवटीवर, प्लेटा होत्या म्हणून वाचला म्हणतो.

तारांची_डॉक्टर

प्लेटा आणि स्क्रू टायटॅनियमचे असतात, त्रास झाला नाही तर काढत नाहीत. पण वाचवतील या भरवशावर राहू नका! पहिले काही आठवडे हाड जुळायचं असतं, गर्दी टाळाच.

फोटोवाले_काका

वर आरसा आणि फोटोचं आलं म्हणून लिहितो. पस्तीस वर्षं पासपोर्ट फोटो काढले. गिऱ्हाईक नेहमी म्हणतं, "हा मी वाटत नाही," आणि शेजारचा म्हणतो, "अगदी तुम्हीच." कारण आपण स्वतःला आयुष्यभर आरशात उलटं पाहिलेलं असतं. १९७७ मध्ये अमेरिकेत यावर एक प्रयोग झाला. माणसांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, त्यांच्या मित्रांना सरळ. जे वारंवार डोळ्यांसमोर येतं तेच आवडायला लागतं.

आता विचार करा, नुसत्या डाव्या-उजव्याच्या फरकाने माणूस बिचकतो, तर तुमच्या बहिणीचा अख्खा खालचा चेहरा हललाय. आरसा झाकला तर सवय लागणार कशी? पण जबरदस्तीने टॉवेल काढूही नका.

निवृत्त_कळवेकर

वय ५४. माझं कारण वेगळं. झोपेत श्वास बंद पडायचा. रात्रभर मास्कचं मशीन लावून झोपणं जमेना, शेवटी दोन्ही जबडे पुढे आणले, म्हणजे मागची श्वासाची वाट मोकळी होते. सर्जन म्हणाले, "काका, चेहराही जरा उठेल." मला चेहऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. आता झोप लागते, सकाळी डोकं दुखत नाही. समाधानी आहे का? शंभर टक्के.

तरी एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आमच्या वडिलांची हनुवटी मागे होती, माझीही तशीच. ते जाऊन अकरा वर्षं झाली. दाढी करताना खालून गळ्याकडे वस्तरा नेला की मला ते दिसायचे, रोज सकाळी. आता दिसत नाहीत. हे काही कुणी फॉर्मवर लिहून देणार नाही.

मनमोकळी

काका, हे इथे लिहिलंत, बरं केलंत.

तारांची_डॉक्टर

पुढे आलेला खालचा जबडा घराण्यात चालतो. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या चित्रांत तो पिढ्यान्पिढ्या दिसतो. तपासणीत आम्हीही विचारतो, "घरात आणखी कुणाला आहे?" आणि उत्तर कागदावर लिहून पुढे जातो. ते माणूस कुणासारखं दिसतं हे विचारायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. जीवनमानाच्या दर्जाची एक २२ प्रश्नांची प्रश्नावली या रुग्णांसाठी वापरतात. त्यात खाणं, दिसणं, लोकांत वावरणं, स्वतःच्या चेहऱ्याकडे किती लक्ष जातं, हे सगळं येतं. काकांचा प्रश्न त्यात नाही. आता मी माझ्या पेशंटना विचारेन.

घोडबंदर_नाका

हा धागा मी दहा वेळा वाचला. बायकोलाही वाचायला दिला.

नौपाड्याची_गौरी

तीन आठवड्यांनी येतेय. दिवाळीची गडबड होती.

कळवेकर काकांचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला. बाकी काही नाही, तेवढाच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीची होती ना माझी हनुवटी." आमची आजी, बाबांची आई. बहीण तिच्याजवळच वाढली, आजीच्या शेवटच्या वर्षात रात्री तिच्या खोलीत झोपायची. घरात सगळे म्हणायचे, ही सेम आजी. आमच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी फाइल घेऊन पुढे होते.

दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. तिने पाठ वळवूनच विचारलं, "तुला नको होतं का गं ऑपरेशन?" बहीण म्हणाली, "हवं होतं. तुझ्या कारणासाठी नको होतं. मला नीट खायचं होतं, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'स' नीट म्हणायचा होता. ते दोन्ही झालंय. पण तू रोज 'आता हस' म्हणतेस, तेव्हा मला वाटतं हे तुझ्यासाठी केलं." आईने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसली. पुढचं लिहीत नाही, दोघी खूप बोलल्या. स्थळांचं नाव सध्या वर्षभर काढायचं नाही असं ठरलंय.

मनमोकळी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ती एकदा समुपदेशकांकडे जाऊन आली, एकटी. पुढच्या वेळी आईला घेऊन ये म्हणाल्यात. टॉवेल अजून आहे. भाऊबीजेला तिने एक फोटो काढू दिला, आजीच्या जुन्या फोटोशेजारी उभी राहून. मला वाटतं डोळे अजूनही आजीचेच आहेत. तिला मात्र मी ते सांगितलं नाही, तिला दिसेल तेव्हा दिसेल.

फोटोवाले_काका

तो फोटो मोठा करून घ्या.

सानपाडा_सकाळ

गौरी, तिला माझा नंबर निरोपात पाठवते. तिला वाटलं तरच फोन करू दे.

ऐरोली_२२

माझं पुढच्या गुरुवारी आहे. सर्जनला विचारायच्या प्रश्नांची वही केली. काकूंनी सांगितलेला ओठाचा प्रश्न पहिला घातला. नाकाचंही विचारलं, ते म्हणाले, तुझा वरचा जबडा हलवत नाही, त्यामुळे ती काळजी नको. आणि आईला म्हटलं, मी कुणासारखी दिसते? ती म्हणाली, मावशीसारखी, पण हनुवटी तुझी तुझीच आहे. त्यामुळे त्या बाबतीत मला फार गमवायचं नाही बहुतेक.

एक शंका. तोंड नीट उघडत नसताना पेज घ्यायला सिरिंजला जी रबरी नळी लावतात, ती ऐरोलीत कुठे मिळेना.

सानपाडा_सकाळ

काकू नाही गं, ताई म्हण! नळी ठाणे स्टेशनजवळच्या कुठल्याही सर्जिकल दुकानात मिळेल. चार घेऊन ठेव, एक रोज उकळायला लागते. आणि पेज कोमटच घे. ओठाला चटका कळणार नाही, म्हणून आधी मनगटावर थेंब टाकून बघ.